शंभर कोयते, एक काटा



ऊसतोड कामगारांच्या संघटनेतला माणूस व्याख्यानाला उभा राहणार म्हटल्यावर तो मजुरीचा दर, मुकादमाची उचल आणि कारखान्याचा काटा यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. पत्रिकेवर आमच्या नावापुढे ‘समांतर प्रोग्राम आणि त्यांच्या वेळेचा आडाखा’ असे शब्द पाहून दोन वक्त्यांचे विषय छापखान्यात अदलाबदल झाले की काय, असे कित्येकांनी आम्हांला विचारले. अदलाबदल झालेली नाही. विषय आम्ही मागून घेतला आहे. आणि काटा त्यातही आहे. तो कसा, ते थोड्या वेळाने कळेल.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपुढे गेले नाही. पुढचे जे काही झाले ते संघटनेच्या कचेरीत, वाचनालयात, आणि अलीकडे कार्यकर्त्यांच्या मुलांजवळ बसून. ही मुले पुण्यात संगणकाच्या कामाला आहेत. त्यांतल्या एकाने आपले काम आम्हांला असे सांगितले: एक मोठे काम हजारो यंत्रांना वाटून दिले तर किती वेळात होईल ते आधी सांगायचे, आणि तेवढ्या वेळात ते झाले नाही तर अडले कोठे ते शोधायचे. आम्ही म्हणालो, बाबा रे, हेच तर आम्ही तीस वर्षे करतो आहोत. फरक इतकाच की तुला त्याचा पगार मिळतो.

पुष्कळ हात लावले की काम लवकर उरकते, असे आपण सहज म्हणतो. ते कितपत खरे? आणि काम उरकले नाही, तर दोष कोणाच्या पदरी घालावा? संगणकशास्त्राने या दोन प्रश्नांचा पन्नास-साठ वर्षे पाठपुरावा केला आहे, आणि त्याला सापडलेले उत्तर आमच्या मते फडावर मिळणाऱ्या उत्तराहून पुष्कळ न्यायाचे आहे. ते आपल्यापुढे ठेवावे, एवढ्यासाठी आज उभे आहोत.

संगणकाला द्यावयाच्या सूचनांची जी मांडणी, तिला प्रोग्राम म्हणतात. संगणकात प्रत्यक्ष आकडेमोड करणारा जो भाग, तो प्रोसेसर. एकच प्रोसेसर एकामागून एक सूचना पाळीत गेला, तर तो साधा प्रोग्राम. तेच काम तोडून शेकडो, हजारो प्रोसेसरांना एकाच वेळी वाटून दिले, की तो समांतर प्रोग्राम झाला. एका फडात एकच कोयता लावला तर साधे काम, आणि टोळी उतरवली तर समांतर काम. येथे बसलेल्या बहुतेकांना ठाऊक आहे, तरी बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगतो, की आमच्या भाषेत कोयता म्हणजे नुसते हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता.

हे वाटून काम करण्याचे शास्त्र आपल्या महाराष्ट्रात कसे आले, ती हकिकत ऐकण्यासारखी आहे. १९८० नंतरच्या दशकात आपल्या देशाला महासंगणक हवे होते, हवामानासाठी आणि इतरही शास्त्रीय कामांसाठी. अमेरिकेने ते मोकळ्या हाताने द्यायला नकार दिला. जे दिले त्यालाही अटी घातल्या. मग १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली, आणि अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. त्यात एक अजस्र यंत्र नव्हते. इन्मॉस नावाच्या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर, म्हणजे बाजारात विकत मिळणारे लहान लहान प्रोसेसर, एकमेकांना जोडून ते काम साधले होते. मोठा बैल कोणी विकत देईना, म्हणून लहान गोऱ्ह्यांचीच गाडी जुंपली.

परंतु लहान गोऱ्हे जुंपण्यात एक मेख आहे. १०० गोऱ्हे जुंपले म्हणून गाडी १०० पट ओढली जात नाही. २००७ साली पुण्यातच टाटा समूहातील एका कंपनीने ‘एका’ नावाचा महासंगणक उभारला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात जगातील ५०० महासंगणकांच्या यादीत तो ४ था आला, आशियात पहिला. अभिमानाची गोष्ट खरीच. पण यादीतले दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. त्यातील सर्व प्रोसेसरांच्या ताकदीची नुसती बेरीज केली तर ती सुमारे १७१ टेराफ्लॉप, आणि प्रत्यक्ष परीक्षेत हाती आले ते सुमारे ११८. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा वाटेत सांडला. ही परीक्षाही यंत्राला सोयीच्या गणिताची असते; रोजच्या कामाच्या प्रोग्रामांत याहून कितीतरी कमी पदरात पडते. यंत्रात कोणी चोर नव्हता, आळशी नव्हता. मग हा हिस्सा गेला कोठे?

१९६७ साली जीन अॅम्डाल नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने याचे एक उत्तर दिले. ते आम्ही फडाच्या भाषेत मांडतो. समजा, एक फड एका कोयत्याने काढायचा तर २० दिवस लागतात. त्यांतले १९ दिवस तोडणी-मोळीचे, म्हणजे वाटून देता येण्यासारखे, आणि एक दिवसाचे काम काट्यावरचे. काटा एकच आहे. तेथे कितीही माणसे उभी केली तरी गाड्या एकामागूनच एक जाणार. आता १९ कोयते लावा. तोडणी १ दिवसात उरकली, काट्याचा १ दिवस कायम. एकूण २ दिवस. कोयते १९ पट झाले, वेग १० पटच झाला. बरे, १९० कोयते लावा. तोडणी दिवसाच्या दहाव्या हिश्श्यात आटोपली, काट्याचा दिवस आहे तेथेच आहे. वेग झाला १८ पट आणि काही. मराठवाड्यातले सगळे कोयते आणून त्या फडात घातले तरी तो २० पटीच्या वर जाणार नाही. शेकडा ५ काम न वाटता येण्यासारखे निघाले, तर ९५ टक्के कामाला लावलेली सारी फौज त्या ५ टक्क्यांच्या दारात ताटकळते.

फडात याहून वाईट होते, हे अनुभवी माणसाला सांगायला नको. टोळी वाढली की पाण्याची व्यवस्था, सऱ्यांची वाटणी, गाडी कोणाची आधी भरायची याचा तंटा, सर्वच वाढते. संगणकातही तेच. प्रोसेसरांना एकमेकांशी बोलावे लागते, आणि बोलण्यात वेळ जातो. वरच्या हिशोबात आणखी एक कलम घालू: दर कोयत्यामागे एका दिवसाचा शंभरावा हिस्सा या बोलाचालीत जातो. आता १९ कोयत्यांना २ दिवसांऐवजी सुमारे २.२ दिवस लागतील. ४४ कोयते लावले तर १.९ च्या आत. आणि १९० लावले तर ३ दिवस! म्हणजे १९ कोयत्यांना लागले त्याहूनही जास्त. हे पाटीवरचे गणित आहे, कोणत्या एका फडाचे नव्हे. पण एका मर्यादेपलीकडे माणसे वाढवली की काम लांबते, आणि ती मर्यादा कोठे आहे हे काम वाढवण्यापूर्वीच हिशोबाने काढता येते, एवढे त्यावरून ध्यानात येईल. हा जो हिशोब, त्यालाच आडाखा म्हणावयाचे. शास्त्रात त्याला मॉडेल म्हणतात.

पूर्वी असा आडाखा हाताने बांधीत. जाणकार माणूस प्रोग्राम ओळीओळीने वाचून कोठे किती आकडेमोड, कोठे किती बोलाचाल, हे कागदावर मांडी. मोठ्या प्रोग्रामाच्या लाखो ओळी असतात. एकेका आडाख्याला महिनेच्या महिने जात, आणि तोवर प्रोग्रामच बदलून गेलेला असे. म्हणून हे काम यंत्राकडूनच करून घेण्याची साधने निघाली. अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठाचे ‘टाऊ’, राइस विद्यापीठाचे ‘एचपीसीटूलकिट’, जर्मनीत युलिश येथील संशोधनकेंद्रात वाढलेले ‘स्कॅलॅस्का’. यांचे मुख्य काम प्रोग्राम चालू असताना त्याच्या कोणत्या भागात किती वेळ गेला याची नोंद घेण्याचे. या नोंदीवरून पुढचा आडाखा आपोआप बांधणारे जे साधन, त्याचे नाव ‘एक्स्ट्रा-पी’. जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली त्याची रीत जगापुढे मांडली.

रीत अशी. प्रोग्राम आधी थोड्या प्रोसेसरांवर चालवायचा. समजा ६४ वर, मग १२८ वर, मग २५६ वर, अशा पाच-सहा पायऱ्या. दर पायरीला प्रोग्रामातल्या प्रत्येक लहान कामाला लागलेला वेळ टिपायचा. मग साधन प्रत्येक कामासाठी एक सूत्र शोधते: या कामाचा वेळ प्रोसेसरांबरोबर वाढतच नाही काय, की सावकाश वाढतो, की जितके प्रोसेसर तितका वाढतो, की त्यांच्या वर्गाच्या मानाने वाढतो? जे सूत्र नोंदींशी सर्वांत चांगले जुळते ते ठेवायचे, आणि त्यावरून लाख प्रोसेसरांवर काय होईल ते सांगायचे. शेवटी सर्व कामांची यादी लावून मिळते. आज सर्वांत जास्त वेळ खाणारे काम त्या यादीत वर नसते. उद्या सर्वांत जास्त फुगणारे काम वर असते, आणि साधनाचा खरा उपयोग तेथेच आहे. अमेरिकेतील हवामानाच्या एका प्रोग्रामाचा ‘होम’ नावाचा गाभा आहे. त्यावर हे साधन चालवले तेव्हा लहान यंत्रावर कोणाच्या नजरेतही न भरणारे, पण प्रोसेसर वाढले की सपाट्याने फुगत जाणारे काम त्यात निघाले. डोळ्यांनी पाहणाऱ्याला ते दिसलेच नसते, कारण आज ते क्षुल्लक आहे.

आता या साऱ्याचे बीड जिल्ह्याला काय सुखदुःख? आहे. आपल्या जिल्ह्याचे क्षेत्र १०,७०० चौरस किलोमीटरच्या आसपास. हवामानाचा अंदाज करणारा प्रोग्राम जमिनीवर चौकटींचे जाळे टाकतो आणि प्रत्येक चौकटीतला वारा, बाष्प, उष्णता यांचे गणित करतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत जगाचा अंदाज काढणारे आपले जाळे १२ किलोमीटरचे होते. त्या मापाने आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला सुमारे ७५ चौकटी येतात. आष्टी-पाटोद्याचा पाऊस आणि अंबाजोगाई-परळीचा पाऊस एक नव्हे, बालाघाटाच्या डोंगराने मध्ये आपली रेघ ओढलेली आहे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण जाळे जाड असले की डोंगरच त्यात सपाट होऊन जातो. २६ मे २०२५ रोजी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत तयार झालेली नवी अंदाजपद्धती देशाच्या कामाला लागली. तिचे जाळे ६ किलोमीटरचे. आता आपल्या जिल्ह्याला सुमारे ३०० चौकटी.

चौकट निम्मी केली तर काम दुप्पट होत असेल, असे वाटते. तसे नाही. लांबीत दुप्पट, रुंदीत दुप्पट, म्हणजे चौकटी चौपट. आणि चौकट लहान झाली की वेळेची पावलेही निम्मी टाकावी लागतात, म्हणजे काम आठपट. अंदाज असा की तो पाऊस पडण्यापूर्वी हातात आला पाहिजे. उद्याचा अंदाज परवा तयार झाला तर त्याचा उपयोग काय? २०१८ सालचा ‘प्रत्यूष’ हा पुण्यातला महासंगणक ४ पेटाफ्लॉपचा होता; एक पेटाफ्लॉप म्हणजे १,००० टेराफ्लॉप. २०२४ साली त्याच संस्थेत ‘अर्क’ आला, तो सुमारे ११.८ पेटाफ्लॉपचा, म्हणजे तिपटीला थोडा कमी. प्रत्यूषवर ज्या कामाला १० तासांपर्यंत लागत ते अर्कवर ४ तासांत होते, असे तेव्हा सांगण्यात आले. काम आठपट आणि यंत्र तिप्पट, हे जमवायचे तर यंत्रात सांडणारा हिस्सा राखावा लागतो. तेथे या साधनांवाचून गत्यंतर नाही. गारपीट तर ६ किलोमीटरच्या जाळ्यातूनही निसटते. तिला पकडायला त्याहून बारीक जाळे लागेल. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चातली गारपीट या जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. आमच्या माणसांचा स्वार्थही सांगतो. फडात अवकाळी पाऊस आला की चिखलात गाडी रुतते, तोडणी बंद पडते, कोपीत पाणी शिरते आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. दोन दिवस आधी खरी बातमी मिळाली तर निदान पोरे आणि शिधा तरी कोरड्या जागी हलवता येतो.

आडाखा असला म्हणजे काय साधते, याची आमच्या आवडीची गोष्ट अमेरिकेतली आहे. लॉस अलामॉस या प्रयोगशाळेत, होय, अणुबाँबवाल्या त्याच, ‘आस्की-क्यू’ नावाचा महासंगणक होता. ४ प्रोसेसरांचे एक घर, अशी २,०४८ घरे. एकूण ८,१९२ प्रोसेसर. त्यावर ‘सेज’ नावाचा मोठा प्रोग्राम चालवीत. या प्रोग्रामाचा आडाखा तेथील तज्ज्ञांनी हाताने बांधून ठेवलेला होता. प्रत्यक्ष वेळ पाहतात तो आडाख्याच्या जवळजवळ दुप्पट! आडाखा नसता तर यंत्र एवढेच पळते असे समजून सगळे स्वस्थ बसले असते. शिवाय एक विचित्र गोष्ट दिसली: दर घरातल्या चारही प्रोसेसरांना काम देण्यापेक्षा तिघांनाच दिले आणि एक मोकळा ठेवला, तर मोठे काम लवकर होई.

कारण २००३ साली प्रसिद्ध झाले. प्रत्येक घरात यंत्राची काही किरकोळ घरकामे चालत: नोंदी ठेवणे, शेजारी जागा आहे का ते पाहणे, वगैरे. एका घरात त्यांना लागणारा वेळ अगदी थोडा. पण सेजमधली कामे अशी, की दर थोड्या वेळाने सर्वांनी एका रेषेत यायचे आणि मगच सर्वांनी पुढे निघायचे. आता हजारो घरांत प्रत्येकाने आपापल्या सवडीने क्षणभर घरकामाला थांबायचे ठरवले, तर कोणत्याही क्षणी कोणी ना कोणी थांबलेलाच. आणि त्या एकासाठी बाकी सर्व ताटकळणार. टोळीतला प्रत्येक जण दिवसातून एकदाच पाच मिनिटे पाणी प्यायला थांबतो, पण वेगवेगळ्या वेळी. आणि पट्टा पुढे सरकवायचा तर सर्वांनी मिळूनच. मग कशाला पट्टा पुढे सरकतो? चौथा प्रोसेसर मोकळा ठेवला की घरकाम त्याच्याकडे जाई, आणि बाकी तिघे अडत नसत.

उपाय केला तो पाहा. अनावश्यक घरकामे काढून टाकली, काही थोड्या ठरावीक घरांकडे सोपवली, आणि त्याच यंत्रावर सेजचा वेग दुपटीला गेला. एकही नवा प्रोसेसर विकत घेतला नाही. त्याच वर्षी दुसऱ्या काही संशोधकांनी आणखी एक वाट दाखवली: घरकामे करायचीच तर सर्व घरांनी ती एकाच वेळी करावीत. आम्हांला हे वाचून मौज वाटली. शास्त्रज्ञांनी हिशोब करून करून शेवटी जेवणाच्या सुट्टीचा शोध लावला.

इलिनॉय विद्यापीठात लक्ष्मीकांत काळे नावाचे प्राध्यापक आहेत. आडनावावरून ते आपल्याला परके वाटत नाहीत. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ‘चार्म प्लस प्लस’ नावाची पद्धती बसवली. सकाळीच मुकादमाने प्रत्येक कोयत्याला भला मोठा पट्टा आखून दिला, की कोणाच्या वाट्याला आडवा पडलेला ऊस येतो तर कोणाच्या वाट्याला सरळ उभा. एक दुपारी मोकळा होतो आणि दुसरा दिवस मावळेपर्यंत वाकलेला. काळे यांची रीत अशी, की कोयत्यांपेक्षा पट्ट्यांची संख्या पुष्कळ जास्त ठेवायची, काम चालू असताना कोणाला किती ओझे पडते ते मोजत राहायचे, आणि जड झालेल्याचे पट्टे हलक्याकडे सरकवायचे. मोजणारी यंत्रणा प्रोग्रामाच्या आतच बसलेली. तिच्या नोंदी चित्ररूपाने दाखवणारे ‘प्रोजेक्शन्स’ नावाचे साधन आहे, आणि अजून बांधलेलाच नाही अशा महासंगणकावर प्रोग्राम किती वेळ घेईल हे अजमावणारे ‘बिगसिम’ही. रेणूंच्या हालचालींचे गणित करणारा ‘नॅम्ड’ हा प्रसिद्ध प्रोग्राम याच पद्धतीवर चालतो. मोजून ओझे हलके करणे, ही मोजणीची एक जात.

मोजणीची दुसरी जातही आम्ही पाहिली आहे, आणि येथे आम्हांला थोडे कडू बोलावे लागेल. १९११ साली अमेरिकेत वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात टेलरच्या पद्धतीने हातात घड्याळ घेऊन कामगारांची एकेक हालचाल मोजू लागले, तेव्हा ओतकाम खात्यातले कामगार काम सोडून बाहेर पडले. प्रकरण तेथल्या काँग्रेसपुढे गेले, आणि १९१५ साली सरकारी शस्त्रागारांतल्या घड्याळी मोजणीवर सरकारी पैसा खर्च करायला बंदी झाली. त्या कामगारांना मोजणीचे वावडे होते काय? नव्हते. मोजायला फक्त माणूस घेतला होता. काटा, गाडी, कच्चा माल, वरून येणारा हुकूम, यांतले काहीच मोजायचे नव्हते.

मघाशी ज्याचे नाव घेतले ते ‘स्कॅलॅस्का’ नेमके याच्या उलट चालते. समांतर प्रोग्रामात एक प्रोसेसर रिकामा थांबलेला दिसला, तर ते साधन त्याच्या नावाने दोष लिहीत नाही. तो कोणाची वाट पाहत होता, ते पाहते. ज्याची वाट पाहत होता तो स्वतः आणखी कोणासाठी थांबला होता काय, हेही पाहते. असे माग काढीत काढीत मूळ विलंब जेथे झाला तेथे जाऊन पोहोचते, आणि वाटेतल्या सर्वांच्या थांबण्याचा खर्च त्या मूळ जागेच्या खात्यावर टाकते. पुष्कळदा थांबलेला एक असतो आणि थांबवणारा दहा पावले मागे. हे वाचल्यावर आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो.

कारण आमच्या फडाचा हिशोब कसा आहे? मजुरी टनावर. गाडी गव्हाणीजवळच्या रांगेत अडकली, रिकामी गाडी वेळेवर फडात आली नाही, कारखान्यात यंत्र बिघडले, तर कोयता बसून राहतो. त्या बसण्याचा दमडाही कोणाच्या खात्यावर पडत नाही. तो तोडणाऱ्याच्या पोटातून जातो. उलट बाई आजारी पडून एक दिवस फडात आली नाही, तर खाडा तिच्या नावावर लागतो आणि पैसे कापले जातात. २०१९ साली या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. त्या प्रकरणाची कारणे अनेक आहेत, आज त्यांत शिरणार नाही. परंतु जेथे शरीराचा प्रत्येक विसावा बाईच्या नावावर लिहिला जातो आणि कारखान्याच्या काट्यापुढचा प्रत्येक विलंब कोणाच्याच नावावर लिहिला जात नाही, तेथे काय होऊ शकते हे आपण पाहिले. निर्जीव प्रोसेसराला जो न्याय मिळतो तो आमच्या बायांना मिळत नाही.

या साधनांचे गुण गायिले. आता त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी की मोजणीलाही वेळ लागतो. दर लहान कामाच्या आधी आणि नंतर घड्याळ पाहायचे म्हटले तर प्रोग्राम घड्याळच पाहत बसतो, आणि मोजलेले काम खऱ्या कामासारखे राहत नाही. मुकादम शेजारी उभा असताना आणि नसताना टोळीचे काम सारखे नसते, हे आपण जाणतोच. म्हणून काही साधने प्रत्येक पाऊल न टिपता अधूनमधून डोकावून पाहतात. दुसरी मर्यादा जास्त मोठी. पाच पायऱ्यांवरून सहावीचा अंदाज तेव्हाच खरा ठरतो, जेव्हा सहावी पायरी त्याच जिन्याची असते. एखाद्या आकाराला यंत्राची जवळची स्मृती अपुरी पडू लागली, किंवा प्रोग्रामाने मध्येच काम करण्याची रीत बदलली, तर पाच पायऱ्यांचे सूत्र तेथे लंगडे पडते. साधनाला ते आपोआप कळत नाही. तेथे माणूस लागतो, आणि तो प्रोग्रामाच्या आत काय चालते हे जाणणारा लागतो.

असा माणूस पुण्या-बंगळुरासच जन्मला पाहिजे असे नाही. आज नांगरटीच्या हप्त्यापेक्षा स्वस्त मिळणाऱ्या संगणकातही चार-आठ प्रोसेसर असतात, आणि टाऊ, स्कॅलॅस्का, एक्स्ट्रा-पी ही साधने फुकट मिळतात. ज्याला थोडे गणित आणि थोडे इंग्रजी आले, त्याला ही विद्या घरी बसून सुरू करता येईल. येथे मागच्या रांगांत कॉलेजची मुले-मुली दिसत आहेत म्हणून हे मुद्दाम सांगितले. मुलाखतीत विचारतील की एवढे किचकट काम कोठे शिकलास, तर फडात शिकलो म्हणून सांगायला लाजू नये.

आमच्या संघटनेने मात्र महासंगणकाची वाट पाहायची नाही असे ठरवले आहे. येत्या हंगामात दर टोळीमागे एक वही द्यायची. तीत चार रकाने: रिकामी गाडी फडात किती वाजता आली, भरून किती वाजता निघाली, काट्यावर किती वाजता पोहोचली, आणि तेथून रिकामी किती वाजता सुटली. पाचवा रकाना लहान आहे. टोळी कशासाठी थांबली ते त्यात एका शब्दात लिहायचे. लिहायला टोळीतलीच, शाळा शिकलेली एखादी सून किंवा मुलगा. हंगाम संपला की या वह्या एकत्र करून कोणत्या थांबण्यामागे कोण होते याचा माग आम्ही त्याच रीतीने काढणार आहो, आणि पुढच्या दरवाटाघाटीत टनाच्या दरासोबत थांबण्याचा दर मागणार आहो. पुण्याच्या त्या मुलाने बेरजा करून द्यायचे कबूल केले आहे. वह्या छापायला टाकल्या आहेत, आणि दसऱ्यापूर्वी त्या टोळ्यांच्या हाती जातील.